निकाल लागेपर्यंत काय उरते?

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक आकडा आला. दावा जिंकला, हुकूमनामा पदरात पडला, पण त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त अजून कोर्टाच्या कपाटात पडून आहे, अशी दिवाणी प्रकरणे देशभरात ८ लाख ८२ हजारांच्या घरात निघाली. त्यांतली ३ लाखांहून अधिक एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतली, म्हणजे मुख्यतः आपल्या महाराष्ट्र-गोव्यातली. न्यायालयाने तीव्र नापसंती व्यक्त केली, दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढण्याची आठवण पुन्हा करून दिली, आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे दोन दिवसांत तो विषय वर्तमानपत्रांतून मागे पडला.

महिनाभराने, नोव्हेंबरात, त्याच न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात निकाल दिला. त्याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. दावा दाखल होण्यापूर्वीच प्रतिवादीने जी मालमत्ता खरेदीखताने दुसऱ्याच्या नावे करून दिली, तिच्यावर निकालापूर्वीची जप्ती आणता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. ती विक्री धनकोंना बुडवण्यासाठीच केलेली होती असे वादीचे म्हणणे असेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली ते वेगळे सिद्ध करावे. कायद्याच्या तर्काला हे धरूनच आहे. जी वस्तू दाव्याच्या दिवशी प्रतिवादीची नव्हतीच, ती त्याची म्हणून कशी जप्त करणार? पण सामान्य माणसाच्या बाजूने पाहिले तर ऑक्टोबरचा आकडा आणि नोव्हेंबरचा निकाल एकाच दुखण्याची दोन टोके आहेत. दावा लावायच्या आधी मालमत्ता गेली तर गेली, आणि निकालानंतर शोधायला गेलो तर ती सापडत नाही. मग मधली जी दोन, पाच, आठ वर्षे दावा चालतो, त्या काळात वादीने करायचे तरी काय?

अनेक सुशिक्षित कुटुंबांत मी एक गैरसमज पाहिला आहे. कोर्टात जिंकलो म्हणजे कोर्ट पैसे देते, असे लोकांना मनापासून वाटते. कोर्ट देते तो कागद. त्या कागदावर प्रतिवादीने अमुक रक्कम अमुक व्याजाने द्यावी असे लिहिलेले असते. त्याने दिली तर उत्तम. नाही दिली तर त्याची मालमत्ता कुठे आहे, किती आहे, कुणाच्या नावावर आहे हे शोधून कोर्टाला सांगण्याचे काम पुन्हा वादीचेच. दरबंग्याच्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १८७२ सालीच नोंदवून ठेवले होते की, हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यानंतर सुरू होतात. त्याला दीडशे वर्षे उलटून गेली.

एका तालुक्याच्या गावातले सुतार माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत. त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, मीही म्हणतो. एका नव्या हॉटेलसाठी त्यांनी टेबले, काउंटर, लाकडी पार्टिशन असे काम केले. बिल झाले २ लाख ४० हजारांचे, उचल मिळाली ६० हजार. उरलेले १ लाख ८० हजार ‘पुढच्या महिन्यात’ या बोलीवर राहिले, आणि तो पुढचा महिना काही उगवला नाही. चेक दिलेला नव्हता, म्हणून चेक न वटल्याचा फौजदारी मार्ग बंद. मिस्त्रींनी वकील दिला, कोर्ट फी भरली, दिवाणी न्यायालयात दावा लावला. समन्स दोनदा ‘घरी आढळून आले नाहीत’ असा शेरा घेऊन परत आले. तेवढ्या अवधीत हॉटेलचा परवाना मालकाच्या मेहुण्याच्या नावावर गेला आणि राहता फ्लॅट बक्षीसपत्राने बायकोच्या नावावर झाला. नवरा-बायको, मुले, नातवंडे यांना राहते घर बक्षीस द्यायचे तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. नोंदणीचा आणि स्थानिक कराचा किरकोळ खर्च वेगळा. ही सवलत कुटुंबांच्या सोयीसाठी आहे आणि ती राहावीही. पण धनकोपासून घर लपवायला इतकी स्वस्त वाट दुसरी नाही.

“साहेब, त्यानं दावा लागल्यावर घर फिरवलं. कोर्टाला दिसत नाही का?” मिस्त्रींनी मला विचारले. कोर्टाला आपणहून काहीच दिसत नसते, ते दाखवावे लागते. आणि ते दाखवण्याची सोय कायद्यात आहे, १९०८ पासून आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ३८ नावाचे प्रकरण आहे. त्यातला नियम ५ असा : प्रतिवादी भावी हुकूमनाम्याची अंमलबजावणी अडवण्याच्या किंवा लांबवण्याच्या हेतूने आपली मालमत्ता विकण्याच्या, फिरवण्याच्या किंवा कोर्टाच्या हद्दीबाहेर नेण्याच्या बेतात आहे, असे शपथपत्राने किंवा अन्य पुराव्याने कोर्टाला पटले, तर कोर्ट त्याला ठराविक मुदतीत तारण द्यायला किंवा तारण का देऊ नये हे सांगायला फर्मावू शकते. तो तारण देत नाही आणि कारणही दाखवत नाही, तर दाव्याच्या रकमेपुरती मालमत्ता जप्त होते. वकील मंडळी याला ‘ॲटॅचमेंट बिफोर जजमेंट’ म्हणतात. जप्ती म्हणजे लिलाव नव्हे, हे लक्षात घ्यावे. मालमत्ता मालकाचीच राहते, घर असेल तर तो त्यात राहतो, फक्त ते त्याला दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येत नाही. त्याने जामीन दिला किंवा वादी हरला की जप्ती उठते. वादी जिंकला तर पुन्हा नव्याने जप्ती आणावी लागत नाही, आहे त्याच जप्तीवर पुढचे काम सुरू होते.

मिस्त्रींच्या वकिलांनी असा अर्ज दिला होता. तो नामंजूर झाला. अर्ज मी वाचला. ‘प्रतिवादी आपली मालमत्ता विकण्याच्या बेतात असल्याचे वादीस खात्रीलायक समजते’, एवढे एकच वाक्य त्यात होते. कुणाकडून समजले, कोणती मालमत्ता, तिची अंदाजे किंमत काय, गिऱ्हाईक कोण, काहीही नाही. नियमच सांगतो की मालमत्तेचे वर्णन आणि अंदाजे किंमत अर्जात द्यावी. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९५१ साली छापल्या गेलेल्या एका निकालात या विषयाची शिस्त घालून दिली आहे : मोघम आरोप चालणार नाहीत, आणि कुणी दावा लावला एवढ्याच कारणाने माणसाचा आपल्या मालमत्तेचा व्यवहार करण्याचा हक्क जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली त्याहून स्पष्ट सांगितले की, हा अधिकार असाधारण आणि कठोर आहे, तो क्वचित आणि नियमाबरहुकूमच वापरावा, आणि विनातारण उधारीचे तारणी कर्जात रूपांतर करून घेणे हा त्याचा हेतू नाही. बँकवाल्याच्या कानाला हे वाक्य फार चटकन कळते. तारण घ्यायचे ते पैसे देताना. तेव्हा घेतले नाही आणि आता कोर्टाकडून मागता, असा त्याचा रोख आहे. पण टेबले बनवणारा सुतार हॉटेलवाल्याकडे गहाणखत कसे मागणार? मागितले तर काम दुसऱ्या सुताराला जाईल.

या नियमाची टेबलापलीकडची बाजू मी तीस वर्षे पाहिली. शाखेत कोर्टाचा बेलिफ यायचा, लांब खाकी पाकिटातून गोल शिक्क्याचा हुकूम निघायचा. लेजरच्या काळात त्या खात्याच्या पानावर तांबड्या शाईने ‘कोर्ट ॲटॅचमेंट’ असे लिहून सही करायचो; संगणक आल्यावर त्याला होल्ड मारणे म्हणू लागलो. मग कोर्टाला उत्तर. आणि ती उत्तरे बहुधा वादीच्या तोंडचे पाणी पळवणारी असत. हुकमात खाते क्रमांक नसे, नुसते नाव. त्या एका नावाची आमच्या शाखेत सात खाती. क्रमांक असला तर ते खाते कॅश क्रेडिटचे निघे आणि त्यात शिल्लक नव्हे, नावे बाकी असे. म्हणजे पैसे बँकेचे, खातेदाराचे नव्हेतच, जप्त काय करणार? कधी खाते नवरा-बायकोचे संयुक्त. कधी ७५ हजारांची मुदत ठेव सापडे, पण तिच्यावर आधीच बँकेचे कर्ज, आणि आपले येणे आधी वळते करून घ्यायचा बँकेचा हक्क कोर्टाच्या हुकमानेही जात नाही. सगळे तपासून आम्ही कळवायचो : शिल्लक रुपये २१२ फक्त.

एक प्रसंग मात्र विसरण्यासारखा नाही. एका व्यापाऱ्याला कोर्टाची ‘कारण दाखवा’ नोटीस सकाळी लागली. दुपारी दोनच्या आत तो सेल्फचा चेक घेऊन काउंटरवर हजर. मला नोटिशीची कुणकुण होती, कारण वादी आमचाच खातेदार होता आणि आदल्या दिवशी मोठ्या आशेने सांगून गेला होता. पण नोटीस म्हणजे हुकूम नव्हे. चेक बरोबर, सही बरोबर, शिल्लक पुरेशी. पैसे नाकारण्याचा मला अधिकार नव्हता. कॅशियरने नोटा मोजून दिल्या. जप्तीचा हुकूम आला तो तीन आठवड्यांनी. चोराला आधी कळवून मग कडी घालायची, असा हा प्रकार वाटतो खरा. यावरही नियमात उतारा आहे. कारणे दाखवा नोटीस काढतानाच कोर्टाला सशर्त जप्तीचा हुकूम करता येतो, म्हणजे नोटीस आणि तात्पुरती जप्ती एकाच वेळी. तो उतारा वकिलाने मागावा लागतो, आणि लहान दाव्यांत तो फारसा कुणी मागत नाही. उलट नोटीस न काढता थेट जप्ती केली तर ती रद्दबातल ठरते. १९७६ च्या दुरुस्तीने तशी तरतूदच घातली आहे. दोन्ही काठ सांभाळायचे तर अर्ज नीट लिहावा लागतो. आणि आज तीन आठवडे तर सोडाच, मोबाइलवरून दहा सेकंदांत पैसे भावाच्या खात्यात जातात.

कायदा इतका बिचकून का चालतो, याचे उत्तर आपल्याच मातीत आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या, कर्जरोखे आणि हुकूमनामे काढून जाळले. मग ते लोण पुणे-अहमदनगरच्या गावागावांत पसरले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात ते नोंदलेले आहेत. जाळलेल्या कागदांत हुकूमनामे होते, हे महत्त्वाचे. कुळ गैरहजर, एकतर्फी निकाल, त्यावर जप्ती, असा तो रगाडा होता. कोर्ट हे तेव्हा सावकाराचे हत्यार होते. त्यातून १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. शेतकऱ्याची स्पष्टपणे गहाण न दिलेली जमीन साध्या पैशांच्या हुकूमनाम्यात जप्तीतून वाचली. आजच्या संहितेतही शेतकऱ्याच्या ताब्यातील शेतमाल निकालापूर्वी जप्त करता येत नाही. आणि निकालानंतरही कुणाचे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईचे मंगळसूत्र, कारागिराची हत्यारे, पेन्शन, प्रॉव्हिडंट फंड यांना हात लावता येत नाही. पगारातले पहिले १ हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. ही यादी मला नेहमी माणुसकीची वाटत आली आहे. तुकोबांनी घरच्या सावकारीचे कागद इंद्रायणीत बुडवले अशी कथा सांगणाऱ्या समाजाला ती परकीही नाही.

पण १८७५ चे चित्र आता उलटे झाले आहे. तेव्हा वादी सावकार होता आणि प्रतिवादी नागवा शेतकरी. आज सावकाराच्या जागी बसलेल्या बँकांना दिवाणी कोर्टाची पायरी चढावीच लागत नाही. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँक तारण मालमत्तेचा ताबा परस्पर घेते. सहकारी संस्थांना १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात वसुली दाखला आहे आणि वादाचा निवाडा होण्यापूर्वी मालमत्ता जप्त करवून घेण्याचे कलम ९५ सुद्धा आहे. मी बँकेत असताना ही हत्यारे आमच्या हाती आली, आणि ती वापरली जात असताना मी खुर्चीवर होतो. त्यांच्या उपयोगाविषयी मला शंका नाही. ठेवीदारांना बुडवणाऱ्या वित्तीय आस्थापनांसाठी महाराष्ट्राने १९९९ साली खास कायदा केला. एमपीआयडी म्हणून तो ओळखला जातो. त्यात सरकारच मालमत्ता जप्त करून सक्षम प्राधिकाऱ्याच्या स्वाधीन करते; हा कायदा पुढे न्यायालयांत टिकला. म्हणजे हजार ठेवीदार एकत्र बुडाले तर सरकार धावते. एकटा बुडालेला मात्र आदेश ३८, नियम ५ च्या भरवशावर.

दिवाणी कोर्टात आज छोट्या रकमांसाठी उभा राहणारा वादी कोण आहे? घरभाड्याची अनामत परत न मिळालेली कुटुंबे, शेजाऱ्याला हातउसने दिलेले निवृत्त मास्तर, बिल थकलेला रंगारी, ट्रिप रद्द झाल्यावर पैसे न मिळालेले प्रवासी, मिस्त्री. आणि याच मंडळींच्या वाट्याला कायद्याचे एक जुने बारीक अक्षर येते. आदेश ३८ चा शेवटचा नियम, तेरावा, सांगतो की लघुवाद न्यायालयाला स्थावर मालमत्तेची जप्ती करण्याचा अधिकार नाही. लहान रकमांसाठी खास असलेले जे कोर्ट, त्याने निकालापूर्वी फक्त जंगम मालमत्ता धरायची.

हा नियम झाला त्या काळात त्याला अर्थ होता. लघुवाद न्यायालये झटपट, सोप्या पद्धतीने निकाल देण्यासाठी होती. घर-जमिनीच्या मालकीची गुंतागुंत तिथे नको, हा विचार. शिवाय तेव्हाच्या लहान कर्जदाराकडे धान्य, गुरे, तांब्या-पितळेची भांडी असत आणि बेलिफ ती मोजून नाझराच्या कोठीत आणू शकत असे. आजच्या मध्यमवर्गीय प्रतिवादीच्या घरात बेलिफाने धरण्यासारखे काय आहे? टीव्ही जुना झालेला. गाडी कर्जावर, म्हणजे तिच्यावर बँकेचा हात आधी. सोने लॉकरमध्ये, आणि ते बायकोचे. सगळी खरी संपत्ती फ्लॅटच्या चार भिंतींत, आणि तिकडे लघुवाद न्यायालयाने बघायचे नाही. जिथे वेगळे लघुवाद न्यायालय नाही आणि दावा साध्या दिवाणी दाव्यासारखा चालतो, तिथे ही आडकाठी नाही. म्हणजे वादीला कोणते संरक्षण मिळणार हे तो कोणत्या गावात राहतो यावर ठरते.

पैशाच्या दाव्यात आणखी एक फसगत होते. घराच्या मालकीचा दावा चालू असताना ते घर विकले तर घेणारा त्या दाव्याच्या निकालाला बांधील असतो, हे लोकांनी ऐकलेले असते. ते खरे आहे, पण तो नियम दावा त्या घराविषयीच असेल तेव्हाचा. नुसत्या रकमेच्या दाव्यात प्रतिवादीने घर विकले, तर जप्ती नसेल तोवर घेणारा मोकळा. आणि जप्ती असली तरी ती तारण नव्हे. जप्तीच्या आधी कुणाशी खरेदीचा प्रामाणिक करार झालेला असेल तर त्याचा हक्क वरचढ. इतर हुकूमनामेदारांनीही वेळेत दरखास्ती केल्या असतील तर लिलावाच्या पैशांत त्यांचा प्रमाणशीर वाटा. जप्ती म्हणजे वस्तू पळून जाऊ नये म्हणून घातलेली दावण, एवढेच.

दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हे लिखाण न्याय्य होणार नाही. एका औषध दुकानदाराचे खाते आमच्या शाखेत होते. त्याच्या जुन्या भागीदाराने हिशेबाचा दावा लावून खात्यावर जप्ती आणली. रक्कम मोठी नव्हती, पण होल्ड पडला आणि त्याचे कंपन्यांना दिलेले चेक परत जाऊ लागले. घाऊक विक्रेत्यांनी उधारी बंद केली. दिवाळीला नोकरांचे पगार त्याने बायकोच्या बांगड्या मोडून केले. दोन वर्षांनी दावा फेटाळला गेला. तोवर फडताळे अर्धी रिकामी झाली होती आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेले होते. अपुऱ्या कारणासाठी अशी जप्ती आणणाऱ्याकडून भरपाई मागण्याची सोय कलम ९५ मध्ये आहे. तिची कमाल मर्यादा पूर्वी १ हजार रुपये होती, १९९९ च्या दुरुस्तीने ती ५० हजार झाली, आणि तो बदल २००२ मध्ये अमलात आला. त्यानंतर ती वाढलेली नाही. दुकानाची पत ५० हजारांत परत येत नाही.

हाच त्रास आता भलत्याच दाराने घरोघर पोहोचला आहे. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर गेली की पैसे जिथून जिथून फिरले ती खाती गोठवली जातात. ठकाला गाठायचे तर ही तातडी हवीच. पण फिरत्या रकमेतले काहीशे रुपये एखाद्या भाजीवाल्याकडे कोथिंबीर-मिरचीच्या बिलापोटी आले असतील, तर त्याचे अख्खे खाते बंद पडते. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये याला लगाम घालून सांगितले की संशयित रकमेपुरताच होल्ड ठेवावा. ही तुलना मला बोचते. फौजदारी तक्रारीवर खाते तासाभरात थिजते, मालकाला विचारणाही होत नाही. आणि दिवाणी वादीला शपथपत्र देऊन, कारण दाखवा नोटीस काढून, महिन्यांनी २१२ रुपये मिळतात. मग साध्या उधारीच्या प्रकरणाला फसवणुकीचा रंग चढवून लोक पोलीस ठाण्यात जातात, यात नवल काय? सर्वोच्च न्यायालय यावर वारंवार नाराजी व्यक्त करते. पण दिवाणी दार अडकलेले असताना लोक खिडकीतून शिरणारच. चेक न वटल्याच्या खटल्यांत २०१८ पासून चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याची मुभा न्यायदंडाधिकाऱ्याला आहे. म्हणून हल्ली जाणते कारागीर कामाआधी पुढच्या तारखेचा चेक मागून ठेवतात. त्यांच्यापुरते ते शहाणपणाचेच आहे.

२२ एप्रिल २०२१ रोजी, सरन्यायाधीश शरद बोबडे या आपल्या नागपूरच्या गृहस्थांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने एक फार उपयोगी निकाल दिला. दरखास्त सहा महिन्यांत संपवावी हे त्यातले वाक्य सर्वांना ठाऊक झाले. पण त्याच यादीत असेही आहे की, पैशाच्या दाव्यात मुद्दे काढण्यापूर्वी प्रतिवादीला, दाव्याच्या रकमेपुरती, आपली मालमत्ता शपथेवर उघड करायला सांगता येईल; आणि योग्य प्रकरणात दावा चालू असताना कधीही हुकूमनाम्याच्या पूर्ततेसाठी तारण मागता येईल. यात कुणाचे खाते गोठत नाही, कुणाची बदनामी होत नाही, औषधवाल्याचे चेक परत जात नाहीत. काय आहे ते फक्त कागदावर येते. नंतर ते मेहुण्याच्या नावावर गेले, तर खोट्या शपथेचा किंवा लबाडीच्या हस्तांतराचा पुरावा वादीच्या हातात आयता. जप्तीपेक्षा ही सौम्य गोष्ट मला अधिक कामाची वाटते. तालुका पातळीवर ज्या वकिलांशी मी बोललो, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी तसा अर्ज कधी दिला होता.

मी वकील नाही, आणि कुणी या लेखाच्या कात्रणावर दावा लढवू नये. पण कागद जमवणे ही बँकेतली जुनी सवय आहे, म्हणून एवढे सांगतो. ज्याच्याशी व्यवहार करता त्याचा एखादा चेक हाती आला तर वटवण्याआधी त्याची झेरॉक्स काढून ठेवा, त्यावर त्याचा खाते क्रमांक असतो. वाद दिसू लागला की नोंदणी कार्यालयातून त्याच्या घराची सूची क्रमांक २ आणि जमीन असेल तर सात-बारा काढा. फ्लॅट विकायची जाहिरात, दलालाचा संदेश, बंद शटरचा तारखेसह फोटो, असे जे दिसेल ते जपा. ‘खात्रीलायक समजते’ या शब्दांना कोर्टात शून्य किंमत आहे. आणि दावा लावायचाच असेल तर नुसत्या नोटिशा पाठवण्यात वर्ष घालवू नका. दाव्याआधी गेलेल्या मालमत्तेचे काय होते, ते नोव्हेंबरच्या निकालाने सांगितलेच आहे.

मिस्त्रींच्या वकिलांनी नंतर दुसरा अर्ज दिला, या वेळी बक्षीसपत्राची नक्कल जोडून. कोर्टाने प्रतिवादीला मालमत्तेचे शपथपत्र द्यायला सांगितले आहे. ते अजून आलेले नाही, तारीख पडली आहे.

नियम तेरा बदलायचा तर काम सोपे नाही, कारण तीच मर्यादा संहितेच्या कलम ७ मध्येही आहे आणि तिला विधिमंडळ किंवा संसद लागेल. मालमत्तेच्या शपथपत्राचे तसे नाही. कलम १२२ खाली उच्च न्यायालय पहिल्या अनुसूचीतले नियम स्वतः बदलू शकते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने असे बदल पूर्वी अनेकदा केले आहेत. समन्सच्या मागे एक छापील तक्ता जोडावा : घर, जमीन, वाहन, खाती, ठेवी, आणि गेल्या दोन वर्षांत कुणाला काय विकले वा बक्षीस दिले. लेखी म्हणण्याबरोबर तो भरून द्यायचा. कर्जाचा अर्ज करणाऱ्या प्रत्येक माणसाकडून आम्ही बँकेत असाच तक्ता भरून घेत होतो, तोही २० हजारांच्या कर्जासाठी.